केसपेपरवरचे एक ‘नाही’

मिरज,
दि. १२ जुलै २०२४

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू मला दोन प्रश्न विचारलेस आणि दोन्हींची उत्तरे मी धड दिली नाहीत. रक्त नाही, स्कॅन नाही, नुसते पाऊण तास बोलून डॉक्टरांनी ‘नैराश्य’ असे लिहिले ते कशाच्या आधारावर, हा पहिला. घरात कोणाला मानसिक आजार होता का, असे त्यांनी विचारल्यावर तू ‘नाही’ म्हणालास ते बरोबर ना, हा दुसरा. पहिल्यावर मी ‘त्यांना ते कळतं’ असे काहीतरी पुटपुटलो आणि दुसऱ्यावर ‘हो, बरोबर’ म्हणून मोकळा झालो. एकतीस वर्षे औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या राहिलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते. म्हणून लिहायला बसलो आहे. बोलताना मी पुन्हा विषय बदलला असता.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुझे ते ‘नाही’ चुकीचे आहे आणि ती चूक तुझी नाही.

बापूकाकाला साखर नाही. कधीच नव्हती. लहानपणी तू त्याचे बोट धरून लॅबमध्ये जायचास, त्याच्या दंडाला रबरी पट्टा बांधतात ते टक लावून पाहायचास, आणि परतताना तो तुला लिमलेटच्या गोळ्या घेऊन द्यायचा. साखर असलेला माणूस स्वतःही गोळी कशी खातो, असे तू एकदा जेवताना विचारलेस, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हसून वेळ मारून नेली होती. ते रक्त लिथियम या त्याच्या औषधाची पातळी तपासण्यासाठी काढत असत. तुझ्या काकाला बायपोलर आजार आहे, म्हणजे कधी अति उत्साहाचा चढ, कधी नैराश्य; जुन्या मराठी पुस्तकांत त्याला उन्माद-अवसाद म्हणत. त्याचे निदान १९९६ साली झाले. आजार सुरू झाला होता १९८९ मध्ये. मधली सात वर्षे कशी गेली हे तुला सांगितल्याशिवाय तुझ्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर देता येणार नाही.

बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना बापू माडीवरच्या खोलीत जाऊन पडला आणि जवळजवळ तीन महिने उठला नाही. अंघोळ नाही, दाढी नाही, ताट वर नेले तर तसेच खाली यायचे. पहिला महिना अंगाऱ्याच्या पुड्यांत गेला. त्यावर अधिक लिहीत नाही. मग एका डॉक्टरांकडे नेले, त्यांनी नैराश्य म्हणून गोळ्या दिल्या आणि तो उठला. दीड वर्षाने पुन्हा तेच झाले, पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेले, आणि मी खुर्चीवर बसून म्हणालो, ‘पुन्हा तसंच झालंय.’ माझे ते वाक्य मला अजून आठवते, कारण मी एवढेच सांगितले होते.

जे सांगितले नाही ते असे. मधल्या काळात, एका उन्हाळ्यात, बापू इतका उत्साहात होता की आजी शेजारणीला म्हणे, ‘पोरगं एकदाचं मार्गी लागलं.’ रात्री दोनला झोपून पाचला उठायचा आणि दिवसभर ताजातवाना. बोलण्याचा वेग असा, की एका वाक्याचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. आखाती देशात संगीत विद्यालय काढायचे त्याने ठरवले आणि सतारमेकर गल्लीत जाऊन दुकानाच्या नावावर उधारीने तंबोरे सांगितले. एके दिवशी हातगाडीवर घालून ते दारात आले, आणि सोप्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या भोपळ्यांच्या रांगेसमोर उभा राहून बापू प्रत्येकाची एकेक तार छेडत होता, तर मी दारात बिल हातात धरून उभा. ते पैसे फेडायला मला दोन वर्षे लागली. आमच्या लेखी तो पैशाचा उधळेपणा होता, घरच्या अब्रूचा प्रश्न होता. ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे असे कोणाच्या डोक्यातही आले नाही.

१९९६ मध्ये तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा दुसऱ्या एका रुग्णालयात नेले. तेथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी बापूशी बोलून झाल्यावर आजीला एकटीला आत बोलावले आणि विचारले, ‘कमी झोपूनही न थकता, नेहमीपेक्षा जास्त बोलत, जास्त खर्च करत, असे ते कधी वागले होते का?’ आजीला हसू आले. ती म्हणाली, ‘अहो, तंबोऱ्यांचं वर्ष!’ बाईंनी मला आत घेतले, कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर साले लिहिली आणि चढते दिवस रेघेच्या वर, पडते दिवस खाली असे आम्हा दोघांकडून महिन्यामहिन्याने विचारून भरत गेल्या. अर्ध्या तासाने त्या कागदावर डोंगर आणि दऱ्या उभ्या राहिल्या, आणि सात वर्षे जे नुसते नैराश्य म्हणून चालले होते त्याचे नाव बदलले. त्याच दिवशी त्यांनी बापूचे रक्तही काढायला सांगितले, पण ते थायरॉइडसाठी.

आता तुझा पहिला प्रश्न. मनाच्या बहुतेक आजारांचे निदान करून देणारी रक्ताची किंवा स्कॅनची तपासणी आज अस्तित्वात नाही. तपासण्या सांगतात त्या दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी: थायरॉइड मंदावले, बी-१२ जीवनसत्त्व फार कमी झाले तर माणूस नैराश्यात असल्यासारखा दिसू शकतो, आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चांगला शहाणा माणूसही उन्मादात जाऊ शकतो. तुझ्या डॉक्टरांनी हे अजून पाहिले नसेल तर जरूर विचार. विचारण्यात काही गैर नाही. पण ते सगळे सुरळीत निघाले तरी निदान उरतेच, आणि ते होते माणसाचे बोलणे, वागणे, झोप, भूक आणि मागचा इतिहास यांवरून.

याचा अर्थ डॉक्टर अंदाजपंचे लिहितात असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची वर्गवारी आहे, तिची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे स्वतंत्र पुस्तक आहे, त्याची पाचवी आवृत्ती २०१३ ची. या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे नैराश्य म्हणायला ठरलेल्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात, आणि त्यांत उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक असलेच पाहिजे. हे निकष उगाच आले नाहीत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क आणि लंडन येथील रुग्णालयांतल्या रुग्णांची तुलना करण्यात आली, तेव्हा न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनियाचे (भास-भ्रम होणाऱ्या आजाराचे) निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त वेळा करत असल्याचे दिसले. आणि संशोधकांच्या एकाच चमूने ठरावीक प्रश्नावली घेऊन दोन्हीकडचे रुग्ण तपासले, तेव्हा तो फरक बराचसा विरून गेला. फरक रुग्णांत कमी आणि विचारणाऱ्यांत जास्त होता. विचारणाऱ्यांचे प्रश्न आता पुष्कळच सारखे झाले आहेत. उत्तर देणाऱ्यांचे तसे झालेले नाही, हे मी आमच्या घरावरून सांगतो.

तू मोबाइलवर भरलेला तो नऊ प्रश्नांचा तक्ता मला ठाऊक आहे. शून्य ते सत्तावीस गुण असतात आणि तुझे अठरा आले. तक्ता चांगला आहे, पण त्याच्या डोक्यावर छापलेली ओळ पुन्हा वाच: ‘गेल्या दोन आठवड्यांत’. तो गेल्या वर्षीच्या मार्चविषयी काहीही विचारत नाही, आणि मला बोलायचे आहे ते मार्चविषयीच. (तुझ्या त्या मित्राने एक मिनिटाचे व्हिडिओ पाहून तुला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) असल्याचे जाहीर केले आहे, त्याला माझा नमस्कार सांग.)

२०२३ च्या मार्चमध्ये तू लागोपाठ पाच रात्री आम्हाला एक-दोनच्या सुमाराला फोन केलास. नोकरी सोडून माहितीपट काढणारी कंपनी सुरू करायची, तीन मित्र तयार आहेत, नाव ठरले आहे, आणि कॅमेऱ्याचे पावणेदोन लाख हप्त्यांवर भरलेही आहेत, असे तू सांगत होतास. झोपतोस की नाही, असे आईने विचारले तर म्हणालास, ‘झोपेची गरजच वाटत नाही.’ पंधरवड्यात सगळे मावळले आणि तू त्याविषयी पुन्हा बोलला नाहीस. आम्ही दोघे तेव्हा खुश झालो होतो. फोन ठेवून मी तुझ्या आईला म्हणालो, ‘पोरात धमक आहे.’ तंबोऱ्यांचे बिल फेडलेला माणूस हे बोलला, यावरून चढाचे दिवस जवळच्या माणसांना कसे फसवतात ते तू समज.

मी निदान करीत नाही. तो माझा अधिकार नाही. सव्विसाव्या वर्षी कॅमेरा घेणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो, आणि तो नुसता उत्साह असण्याचीही पुरती शक्यता आहे. पण सौम्य उन्माद म्हणायला त्या अमेरिकन पुस्तकात फक्त चार दिवस पुरेसे धरले आहेत, आणि असे चार दिवस खरोखर होऊन गेले असतील तर तुझ्या आजाराचे नाव आणि औषध दोन्ही बदलू शकते. तू पाठवलेल्या चिठ्ठीच्या फोटोत एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम आहे. नैराश्यासाठी ती चांगली गोळी आहे, दुकानातून मी ती शेकडो लोकांना दिली आहे. मात्र बायपोलर असलेल्या काही जणांत नैराश्याची गोळी एकटीच दिली तर पारडे दुसऱ्या बाजूला कलते, म्हणून डॉक्टरांना मार्च माहीत असणे आवश्यक आहे. हे वाचून गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नकोस. शनिवारपर्यंत झोप एकदम कमी झाली, डोक्यात विचारांची गर्दी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. रात्री-बेरात्री जीव नकोसा वाटला तर मला उठव. मी उचलला नाही तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

काकाला आहे म्हणून मला असणारच, असा हिशेब तू घालशील, म्हणून तेही लिहितो. आई-वडील किंवा सख्खे भावंड यांना हा आजार असेल तर तो होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच ते दहा मानली जाते. काका हे त्यापुढचे नाते, तेथे ती याहून कमी; सर्वसाधारण लोकांपेक्षा थोडी अधिक, एवढेच. ऑफिसला कळेल ही तुझी दुसरी भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर आणि रुग्णालयावर बंधनकारक केले आहे, तेव्हा मोकळेपणाने बोल.

आम्ही का लपवले, हे तू विचारशीलच. तुझ्या आजोबांच्या काळात ‘येरवड्याला पाठवा’, म्हणजे तेथल्या मनोरुग्णालयात, ही घरोघरची शिवी होती. बापूचे लग्न ठरत नव्हते, तुझ्या आत्याचे व्हायचे होते, आणि साखर हा शब्द कोणाच्याही घरात चालण्यासारखा होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्या दहांपैकी सुमारे सातजण उपचारांबाहेर आढळले, तो आकडा वाचताना मला आमचा सोपा दिसतो. बापूला उपचार मिळाले आणि तो गेली अठ्ठावीस वर्षे जमाखर्च सांभाळतो आहे. पण त्याच्या आजाराची माहिती ज्याच्या उपयोगी पडू शकली असती त्याच्यापासूनच आम्ही ती दडवली. याबद्दल तुझी माफी मागतो.

हे पत्र लिहिण्यापूर्वी मी बापूची परवानगी घेतली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘लिही. पण आकडा बरोबर लिही. तू सगळ्यांना अकरा सांगतोस. नऊ होते.’ म्हणून नोंद करतो: तंबोरे नऊ होते. आठ परत गेले, एक कोपऱ्यात आहे, ज्याला तू लहानपणी टोपी घालायचास.

शनिवारी, २० तारखेला, अकराच्या भेटीला मी येतो. तू नको म्हणालास तर बाहेर बाकावर बसेन, पण डॉक्टरांना पाच मिनिटे माझ्याशी बोलायला सांग. येताना बाईंनी काढलेला रेघेचा तो कागद आणतो, आणि शेजारी तुझ्यासाठी एक कोरा. तोपर्यंत शाळा सुटल्यापासूनची वर्षे आठवून ठेव, पडते दिवस जसे, तसे चढतेही. बापूही येतो म्हणतो. या महिन्याची त्याची रक्ततपासणी व्हायची आहे, म्हणून शुक्रवारी सकाळची गोळी घेण्याआधी लॅबमध्ये रक्त देईल आणि मग आम्ही दोघे गाडीत बसू.

तुझे,
बाबा