सही करणाऱ्याला वेळ द्या: नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी लहान विमानांच्या देखभालीचे काम करतो. एका इंजिनाची, दोन-चार आसनांची, नवे वैमानिक ज्यांवर शिकतात ती विमाने. तपासणी झाली की लॉगबुकात सही आम्ही करतो आणि त्या सहीवर विसंबून कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी मुलगी एकटी वर जाते. आपल्या खात्याचे पथक येते ते सही आहे की नाही हे पाहायला. ती करणाऱ्याला तपासायला वेळ किती मिळाला होता, हे कुणी विचारत नाही.

दर 100 तास उड्डाणानंतरच्या तपासणीत काय असते ते सांगतो. काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, उतरवायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये 80 पीएसआय दाबाने हवा सोडायची आणि त्यातली किती टिकते ते गेजवर वाचायचे. आकडा कमी आला तर कान लावायचा. हवा एक्झॉस्टमधून फुसफुसत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, ऑइल भरायच्या तोंडातून येत असेल तर पिस्टन रिंगा. ऑइल फिल्टर नुसता बदलून भागत नाही. तो कापायचा, आतल्या कागदाच्या घड्या उलगडायच्या, उजेडात धरून धातूचे कण शोधायचे. सापडले तर लोहचुंबक फिरवून ते पोलादाचे आहेत का ते पाहायचे. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की कॅमशाफ्टवरचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पोलादी दांड्यावरचे, तेल ओघळून जाते आणि गंज धरतो. लॉगबुकात अशा विमानाचे तास कमीच दिसतात, खरे काय ते फिल्टर सांगतो. पण फिल्टर न कापताही ‘कापला’ असे लिहिता येते, आणि ‘उद्या सकाळी विमान हवेच’ असा मालकाचा फोन आला की तसे लिहिण्याचा मोह कुठून येतो हे हँगरमधल्या प्रत्येकाला माहीत आहे.

एप्रिल 2018 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात प्रशिक्षणाच्या एका पाइपर विमानाचा डावा पंख हवेतच तुटला. आतले दोघेही गेले. पंखाच्या मुख्य स्पारला, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईला, धातूच्या थकव्याने (पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने) तडे गेले होते. तडा वेळीच पकडायला तेव्हाचे तपासणीचे निकष अपुरे होते, असे चौकशीत निघाले. कमी उंचीवरचे उड्डाण आणि सतत उतरणे, म्हणजे प्रशिक्षणाचे रोजचे कामच, त्या तड्याला वाढवत होते. पुढे तिथल्या नियामकाने अशा स्पारची एडी करंट तपासणी, म्हणजे विजेच्या प्रवाहाने डोळ्यांना न दिसणारे तडे शोधणे, सक्तीची केली. म्हणून विनंती आहे की प्रशिक्षणाच्या विमानांचे तास मोजताना ती किती वेळा उतरली याचीही नोंद सक्तीची करा.

तपासण्यांची संख्या वाढवा, असे मात्र मी म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलातल्या कोस्टल कमांड या विभागाच्या नोंदी शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी अभ्यासल्या, तेव्हा ठरावीक तपासणीच्या लगेच नंतर बिघाड वाढलेले दिसले. नीट चालणारी वस्तू घाईने उघडली की ती चुकीची जोडली जाऊ शकते. एलेरॉनच्या, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेवरच्या झडपांच्या, केबल उलट्या जोडल्या गेल्या तर वैमानिक डावीकडे कलवू पाहतो आणि विमान उजवीकडे कलते. जमिनीपासून काही फुटांवर हे कळून उपयोग नसतो. नियंत्रणांना हात लागला असेल तर दुसऱ्या अभियंत्याने स्वतंत्रपणे तपासून सही केल्याशिवाय विमान सोडू नये. हँगर कितीही छोटा असला तरी यात सूट नको.

कापलेला फिल्टर पुढच्या तपासणीपर्यंत जपून ठेवणे बंधनकारक करा आणि आपल्या पथकाने तो मागावा. सही नुकतीच झालेले एखादे विमान न कळवता गाठून त्यांनी पॅनेल उघडायला लावावीत. आणि ‘हे विमान उडणार नाही’ असे लिहिणाऱ्या अभियंत्याची नोकरी त्यामुळे जाणार नाही, एवढे संरक्षण नियमात घाला. आज हा निर्णय ज्याच्या हातात आहे, त्याचा पगार त्याच विमानाच्या मालकाच्या हातात आहे.

नवे नियम ठरतील तेव्हा मसुदा आधी हँगरमध्ये काम करणाऱ्यांना वाचायला द्यावा, ही विनंती.

आपला,
एक विमान देखभाल अभियंता