गीतमाला पुन्हा लावायची तर अख्खी लावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेडिओवरच्या जुन्या ‘हिट परेड’ कार्यक्रमांच्या, म्हणजे लोकप्रिय गाणी क्रमवारीने ऐकवणाऱ्या कार्यक्रमांच्या, पुनःप्रसारणाविषयी जुन्या श्रोत्यांमध्ये बरीच वर्षे चर्चा चालू आहे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ‘बिनाका गीतमाला’ या अशाच कार्यक्रमाचे निवेदक अमीन सयानी गेले, तेव्हापासून आपल्याकडे तिला अधिकच जोर आला. ‘गीतमाला पुन्हा ऐकवा’ या मागणीला माझी हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती ही मागणी पुरी करण्यासाठी जे मार्ग सुचवले जातात त्यांना. गाजलेली गाणी तेवढी ठेवावीत, न चाललेली गाळावीत, निवेदनातली चुरचुरीत वाक्ये घ्यावीत, जाहिरातींना फाटा द्यावा आणि गाणी आजच्या स्वच्छ मुद्रणातून लावावीत, अशी ही एकूण कल्पना असते. असा कार्यक्रम कोणी जरूर करावा. फक्त त्याला पुनःप्रसारण म्हणू नये. क्रमवारीचा कार्यक्रम हा त्या एका आठवड्याचा दस्तऐवज असतो, आणि आपल्याला न आवडलेल्या ओळी खोडून दस्तऐवज कोणी छापत नाही.

गीतमालेचा इतिहास वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून थोडक्यात सांगतो. माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी रेडिओचा काटा कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे वळवला. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, तिथे बिनाका टूथपेस्टने प्रायोजित केलेली ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सुरुवातीला ती क्रमवारी नव्हतीच, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते. सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवली जात आणि लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम लावून श्रोत्यांनी तो पत्राने कळवायचा, अशी ती स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात आकडा आठवड्याला ६५,००० वर गेला, असे सयानी सांगत. एवढी पत्रे उघडायची कोणी, हा प्रश्न उभा राहिला आणि १९५४ च्या अखेरीस स्पर्धा जाऊन तिच्या जागी ‘पायदानां’ची, म्हणजे गाण्यांच्या क्रमांकांच्या पायऱ्यांची, उतरंड आली. तबकड्यांच्या दुकानांतून येणारे विक्रीचे अहवाल आणि गावोगावच्या श्रोता संघांनी पाठवलेल्या याद्या यांच्या आधारे ही उतरंड रचली जाई. ठरलेले आठवडे टिकून राहिलेल्या गाण्याला ‘सरताज गीत’ म्हणून बिगुल वाजवून मानाने निरोप दिला जाई. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि टेप विमानाने कोलंबोला जाई. पुढे तो ‘सिबाका गीतमाला’ झाला, १९८९ मध्ये विविध भारतीवर आला आणि १९९४ पर्यंत चालला.

आता मुद्दा असा की, या कार्यक्रमाचे मोल त्यातल्या गाण्यांत नाही. गाणी सगळीकडे मिळतात, दिवसरात्र मिळतात. अमुक आठवड्यात कोणते गाणे कोणाच्या वर होते, कोणते दोन पायऱ्या चढले, कोणते धाडकन खाली आले आणि ते सांगताना निवेदकाने कोणती उत्सुकता ताणून धरली, हे दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

एक उदाहरण देतो. १९५७ हे ‘प्यासा’, ‘नया दौर’ आणि ‘मदर इंडिया’ यांचे वर्ष. आज त्या वर्षाच्या गाण्यांची यादी करायला कोणालाही बसवले तर तो याच चित्रपटांपासून सुरुवात करील. गीतमालेच्या वार्षिक यादीत मात्र त्या वर्षी पहिल्या पायदानावर होते ‘जनम जनम के फेरे’ या धार्मिक वळणाच्या चित्रपटातले ‘जरा सामने तो आओ छलिये’. त्याचे संगीतकार एस. एन. त्रिपाठी. पौराणिक चित्रपटांचे संगीतकार म्हणून जाणकारांनी ज्यांच्याकडे कायम थोडे दुर्लक्षच केले, त्यांच्या गाण्याने सचिनदेव बर्मन, ओ. पी. नय्यर आणि नौशाद यांना मागे टाकले होते. हे गाणे त्यांच्याहून श्रेष्ठ होते की नव्हते, हा वाद इथे गैरलागू आहे. ते का चढले, कोणत्या आठवड्यात चढले आणि चढताना कोणाकोणाला ओलांडून गेले, हे त्या वर्षीचे बुधवार एकापाठोपाठ एक ऐकले तरच कळेल. आजच्या आवडीची चाळणी लावून ‘सुवर्णकाळातली निवडक’ गाणी काढली तर नेमका हाच भाग खाली गळून जातो, आणि उरते ती आपलीच आवड, आपल्यालाच पुन्हा ऐकवलेली.

परदेशांत या बाबतीत दोन वेगळे मार्ग धरलेले दिसतात आणि ते दोन्ही आपण पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत ४ जुलै १९७० रोजी निवेदक केसी केसम यांचा ‘अमेरिकन टॉप ४०’ सुरू झाला. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या यादीवर आधारलेला हा कार्यक्रम एका ठिकाणी तयार होऊन गावोगावच्या केंद्रांना तबकड्यांवर पाठवला जाई. त्यामुळे अख्खेच्या अख्खे कार्यक्रम तबकड्यांच्या रूपाने शिल्लक राहिले. आज तिथे सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतले मूळ कार्यक्रम दर आठवड्याला पुन्हा लावले जातात, आणि तेही शक्यतो वर्षातल्या त्याच आठवड्याचे, म्हणजे मार्चमध्ये मार्चचा आणि डिसेंबरमध्ये डिसेंबरचा. १९७८ मध्ये हा कार्यक्रम तीन तासांचा चार तासांचा झाला होता. त्यातला पहिला तास गाळून तीनच तास लावण्याची मुभा काही केंद्रे घेतात आणि तिथले रसिक त्यावर कडाडून टीका करतात. ही टीका मला पूर्णपणे पटते, कारण पहिल्या तासात खालच्या क्रमांकांची गाणी असतात. नवी आलेली, उतरणीला लागलेली आणि पुढे कोणाच्याच लक्षात न राहिलेली गाणी भेटण्याची जागा तीच. ब्रिटनची रीत निराळी आहे. १९५५ मध्ये सुरू झालेला बीबीसीचा ‘पिक ऑफ द पॉप्स’ आज मागच्या एखाद्या वर्षाची यादी घेऊन नव्या निवेदकाच्या तोंडून नव्याने सादर होतो. ती पुनर्रचना आहे, तशीच ती सादर केली जाते आणि त्यात कोणाची फसवणूक नाही.

आपल्याकडे या दोन्हींच्या मधले काहीतरी चालते. सारेगामाने काढलेल्या ‘गीतमाला की छाँव में’ या संचाबद्दल मला आदरच आहे. सयानींचा आवाज त्यामुळे घराघरांत परत आला. पण ते त्यांनी सांगितलेले स्मरणरंजन आहे, एखाद्या बुधवारचा कार्यक्रम नव्हे. ऐकणाऱ्या तरुण मुलांना हा फरक कोणी सांगत नाही आणि गीतमाला म्हणजे हेच, असा त्यांचा समज होतो.

मूळ कार्यक्रम आहेत कुठे, हा पुढचा प्रश्न. त्या काळी टेप महाग होती आणि एकदा प्रसारण झाले की तीच पुसून पुन्हा वापरणे ही जगभरातल्या रेडिओची सर्रास पद्धत होती. त्यामुळे केंद्रांच्या कपाटांत सगळे काही सापडेल, या भ्रमात राहू नये. खरा साठा श्रोत्यांच्या घरी आहे. सत्तरच्या दशकात कॅसेट रेकॉर्डर हळूहळू घरोघरी आला आणि बुधवारी रात्री आठ वाजता कितीतरी हौशी मंडळी बोट बटणावर ठेवून बसू लागली. या मंडळींनी केलेले काम मोलाचे आहे, पण त्यातली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. बहुतेकांना गाणी हवी होती. म्हणून गाणे संपून सयानी बोलू लागले की ते टेप थांबवत आणि पुढचे गाणे सुरू झाले की पुन्हा चालू करत. त्यामुळे जे तबकडीवर कायमचे सुरक्षित होते ते शॉर्टवेव्हच्या खरखरीसकट जपले गेले, आणि जे त्या रात्रीनंतर पुन्हा कधीच ऐकू येणार नव्हते ते गेले. ज्यांनी आळसाने किंवा दूरदृष्टीने टेप चालूच ठेवली, त्यांच्या कॅसेटला आज खरी किंमत आहे.

त्या कॅसेटमध्येही एक खाच असतेच. कार्यक्रम तासाभराचा आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. म्हणजे शेवटच्या पाव तासाआधी, वरची पायदाने जवळ आलेली असताना, कॅसेट उलटावी लागे. साठ मिनिटांची असेल तर ही वेळ बरोबर मध्यावर येई. उलटण्याच्या गडबडीत एखादे वाक्य, कधी अर्धा अंतरा निसटे. पण दोन गावांतल्या दोन श्रोत्यांनी कॅसेट एकाच क्षणी उलटलेली नसते. एकाच बुधवारच्या दोन टेप मिळाल्या तर एकीतली खाच दुसरीतून भरता येते, आणि एका टेपेत आवाज विरत गेला असेल तिथे दुसरी उपयोगी पडते. वेगाचेही तसेच. जुन्या यंत्रावर मुद्रण किंचित संथ किंवा जलद झालेले असते. पण मूळ तबकडीवरच्या गाण्याची पट्टी माहीत असल्यामुळे गाण्यावरून वेग जुळवता येतो आणि मग मधले निवेदनही आपोआप ताळ्यावर येते. हे काम किचकट असले तरी अशक्य नाही. खरखर कमी करताना एवढे पथ्य पाळावे की निवेदकाच्या शब्दांची टोके छाटली जाऊ नयेत. सयानींच्या बोलण्यातली श्वासाची जागा आणि पायदानाचा आकडा सांगण्यापूर्वीचा क्षणभराचा विराम यंत्राला ‘शांतता’ वाटतो आणि ते तो खुशाल कापून टाकते.

गाण्यांच्या जागी आजची स्वच्छ मुद्रणे घालण्याचा मोह तर सर्वांत घातक आहे. गीतमालेत वेळेअभावी पुष्कळ गाणी पुरती वाजत नसत. एक अंतरा झाला की निवेदक पुढे सरके आणि त्यावरच कार्यक्रमाची लय बेतलेली असे. त्या जागी अख्खे गाणे घातले की तासाचा दीड तास होतो आणि लय बिघडते. शिवाय चित्रपटातले गाणे आणि तबकडीवरचे गाणे अनेकदा लांबीने वेगळे असते. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत न बसलेले कडवे आजच्या मुद्रणात हजर असते आणि त्या बुधवारी कोणी न ऐकलेले असे काहीतरी आपण पुनःप्रसारणाच्या नावाखाली ऐकवून मोकळे होतो. टूथपेस्टच्या जाहिरातीही राहू द्याव्यात. फुकट प्रसिद्धी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण ज्या जाहिरातीच्या जिवावर हा कार्यक्रम इतकी वर्षे चालला, तीच गाळून त्याचा इतिहास सांगता येणार नाही. हक्कांचा प्रश्न अवघड आहे, हे मी जाणतो. गाणी ध्वनिमुद्रिका कंपन्यांची, निवेदन दुसऱ्याचे, प्रायोजक तिसराच. पण रेडिओवरून गाणी रोज वाजतात आणि त्यांचे मानधन चुकते करण्याची व्यवस्था आहेच. तेव्हा प्रश्न मुख्यतः निवेदनापुरता उरतो आणि तो बोलणी करून सुटण्यासारखा आहे.

जिथे टेप नाहीच, तिथे ब्रिटनची रीत धरावी. त्यासाठी साधन आहे ते श्रोत्यांच्या वह्यांचे. गीतमालेची पायदाने दर आठवड्याला वहीत उतरवून ठेवणारे लोक होते आणि अशा काही वह्या माझ्या पाहण्यात आहेत. आडव्या रेघांच्या पानावर उभे रकाने आखलेले, त्यांत या आठवड्याचा क्रमांक, मागच्या आठवड्याचा क्रमांक, गाण्याचा मुखडा, चित्रपट, गायक, संगीतकार, आणि सरताज झालेले गाणे लाल शाईने. एका वहीत काही ओळींपुढे नुसते प्रश्नचिन्ह आहे. त्या रात्री सिलोन नीट लागले नसावे. या वह्या एकमेकींशी पडताळून त्या आठवड्याची यादी उभी करावी आणि नव्या निवेदकाने ती सादर करावी. मात्र सुरुवातीला दोन वाक्यांत स्पष्ट सांगावे की हा कार्यक्रम मूळ नसून श्रोत्यांच्या नोंदींवरून पुन्हा रचलेला आहे. अमीन सयानींच्या आवाजाची नक्कल करणारा निवेदक कृपया कोणी आणू नये. यंत्राकडून त्यांचा आवाज बनवून घेण्याची कल्पनाही हल्ली ऐकू येते. ती तर मुळातच सोडून द्यावी.

ज्यांच्याकडे अशा कॅसेट आहेत त्यांना एक विनंती आहे. माळ्यावरून काढलेली कॅसेट उत्साहाच्या भरात जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. बुरशी धरलेली किंवा चिकटलेली फीत एकदाच वाजते आणि तेव्हाच तुटते. आधी जाणकाराला दाखवा, वेष्टनावर लिहिलेली तारीख जशी असेल तशी राहू द्या आणि तारीख नसेल तर अंदाजाने लिहू नका. गाण्यांच्या चढउतारावरून ती पुढे ताडता येते. चुकीची तारीख मात्र सगळ्यांनाच वाट चुकवते.

शेवटी, सुरुवात कुठून करावी याबद्दल. ज्याला विचारावे तो वार्षिक कार्यक्रमापासून म्हणतो, कारण त्यात वर्षभराची बडी गाणी एकत्र मिळतात. माझ्या मते ते सगळ्यांत शेवटी लावावेत. त्यांच्या याद्या अनेकांना तोंडपाठ आहेत. आधी एखादा साधा बुधवार घ्यावा, ज्यात एकही सरताज नाही, वरची गाणी जागची हललेली नाहीत आणि तळाशी दोन-तीन नवी नावे आलेली आहेत. ती पुढे चढली की नाही, हे ऐकणाऱ्याला माहीत नसेल, तर पुढच्या बुधवारी आठ वाजता तो पुन्हा रेडिओ लावील.

आपला नम्र,
एक नियमित वाचक व श्रोता