महागाचा मस्कारा नको, पैसे घालायचेच तर आयशॅडोत घाला

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे लग्नसराईच्या मेकअपवर लेख आला होता, त्यात लिहिलं होतं की डोळा नाजूक असतो म्हणून डोळ्यांच्या मेकअपमध्ये काटकसर करू नका, हाय एन्ड ब्रँडच घ्या. मी गेली १४ वर्षं कराडमध्ये पार्लर चालवते, सीझनला चाळीसेक नवऱ्या सजवते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. त्या लेखाचं कात्रण घेऊन एक मावशी माझ्याकडे आल्या, मुलीचं लग्न वैशाखात, म्हणाल्या ताई ह्यात लिहिलंय तसलंच सगळं लावा, उसाचं बिल आलंय, पैशाचं बघू नका. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि पाऊण तास समजावून सांगितलं की ह्यातल्या अर्ध्या वस्तूंना जास्तीचे पैसे मोजून तुमच्या लेकीच्या डोळ्यात काडीचाही फरक दिसणार नाही, आणि अर्ध्याला दिसेल. तेच इथे लिहिते कारण तो लेख वाचून पैसे काढणाऱ्या त्या एकट्याच नसणार.

आधी मस्कारा, म्हणजे पापण्यांचे केस काळे आणि दाट दिसायला लावतात तो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. कुठलाही मस्कारा घ्या आणि बॉक्सवरचं बारीक अक्षर वाचा. पाणी, मेण (मधमाशीचं नाहीतर कार्नोबा नावाच्या झाडाचं), काळा आयर्न ऑक्साईड, पापणीच्या केसावर थर धरणारं पॉलिमर आणि माल खराब होऊ नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह. साडेचारशेच्या नळीत मुख्य सामान हेच आणि अडीच हजाराच्या नळीतही हेच. लोकांना माहीत नसतं पण मेबलिन आणि लँकोम ह्या दोन्ही लोरियाल ह्या फ्रान्सच्या कंपनीच्याच, लँकोम १९६४ पासून त्यांच्याकडे आणि मेबलिन १९९६ पासून, म्हणजे मालक एकच, महागाचा लँकोम मॉलमध्ये काचेच्या काऊंटरवर बसतो आणि स्वस्तातला मेबलिन आपल्या गावच्या जनरल स्टोअरमध्ये मिळतो. फरक पडतो तो ब्रशने. काहींचा ब्रश जाड केसांचा असतो, काहींचा बारीक रबरी दात्यांचा, आखूड पापण्यांना रबरीच बरा पडतो, आणि असा ब्रश स्वस्तातल्या नळीतही मिळतो.

आणि मुळात मस्कारा फार टिकत नाही हो. बॉक्सवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात आकडा आणि पुढे एम, ६ एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून ६ महिने. डोळ्याचे डॉक्टर तर ३ महिन्यातच टाकून द्या म्हणतात, कारण ब्रश डोळ्याला लागून परत नळीत जातो, सोबत जंतू आणि हवा दोन्ही आत जातात आणि ओलसर नळीत जंतूंना वाढायला जागाच मिळते. आता हिशोब करा, दर ३ महिन्यांनी अडीच हजाराचा म्हणजे वर्षाला १०,००० रुपये, आणि साडेचारशेचा म्हणजे १,८००. खरं होतं काय, की अडीच हजार घातलेत म्हणून बाई तो टाकतच नाही, दोन-दोन वर्षं वापरते, घट्ट झाला की त्यात पाण्याचे नाहीतर गुलाबपाण्याचे थेंब टाकते. माझ्याकडे अशा डोळे लाल झालेल्या बायका दरवर्षी येतात. महाग घेतलं म्हणून डोळा सांभाळला जातो म्हणता, इथे महाग घेतलं म्हणूनच डोळा बिघडतो, हे त्या लेखात यायला हवं होतं.

ह्या मेबलिनची सुरुवात कशी झाली तेही सांगते. १९१५ सालची अमेरिकेतली गोष्ट, शिकागोच्या थॉमस विल्यम्सनी आपल्या बहिणीला, मेबलला, व्हॅसलीनमध्ये कोळशाची पूड मिसळून पापण्यांना लावताना पाहिलं आणि त्यावरून धंदा काढला, नावसुद्धा मेबल आणि व्हॅसलीन जोडून केलं. मला हे वाचून माझी आजी आठवली. ती एरंडेलाचा दिवा लावून वर तांब्याचं ताट पालथं धरायची, काजळी धरली की साजूक तूप आणि चिमूटभर कापूर घालून बोटाने घोटायची आणि चांदीच्या डबीत भरायची. आम्ही सगळ्या नाती रांगेत बसायचो, तिच्या बोटाला तो कापराचा वास दिवसभर असायचा.

काजळाचं म्हणाल तर तिथेही महागाची गरज नाही, दोनशे-तीनशेच्या पेन्सिली आता खरंच चांगल्या निघतात, गडद असतात, पसरत नाहीत. डबीतल्या काजळावर जीएसटी शून्य आहे आणि पेन्सिलवर १८ टक्के, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं, पण म्हणून बाजारातली बिननावाची डबी उचलू नका. सुरम्याच्या नावाखाली जे विकतात त्यात शिसं असू शकतं, शिशाचंच खनिज दळून सुरमा करायची जुनी पद्धत आहे, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका असं डॉक्टर सांगतात ते ऐका, दृष्टीचा टिळा कपाळाला नाहीतर तळपायाला लावा की. मोठ्यांनीसुद्धा काजळ अगदी आतल्या ओल्या कडेवर भरभरून घालू नये, तिथे तेलाच्या ग्रंथींची बारीक तोंडं असतात ती बुजतात आणि मग डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. नवरीलासुद्धा मी आत एकदाच हलका हात फिरवते, बाकी सगळं काम पापणीच्या केसांच्या मुळाशी.

आता आयशॅडो, म्हणजे पापणीवर लावायचा रंग. इथे मी त्या लेखाशी सहमत आहे, पण अर्धीच. मागच्या मार्चमध्ये मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीवर एक प्रयोग केला, डाव्या डोळ्याला साडेतीनशेची पॅलेट (एका डबीत बरेच रंग असतात ती) आणि उजव्या डोळ्याला साडेपाच हजाराची, खाली प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवायला आधी लावतात ते क्रीम, दोन्हीकडे एकच, सकाळी ९ वाजता लावलं आणि संध्याकाळी ७ पर्यंत ती तशीच पार्लरमध्ये काम करत होती, पंखा होता पण एसी नाही. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, तपकिरी आणि पीच शेडमध्ये संध्याकाळपर्यंत आम्हा दोघींना फरक सांगता आला नाही, मी फोटो काढून घरी दाखवले तर कोणालाच ओळखता आलं नाही. पण पैठणीसारखा जांभळा आणि बॉटल ग्रीन लावायला गेले तेव्हा स्वस्त पॅलेटचा रंग डाग डाग बसायला लागला, चार हात मारले तरी मधे कातडी दिसतच होती, आणि प्रत्येक हाताला पूड गालावर सांडत होती. चमकीचा शेड तर दुपारी ४ पर्यंत पापणीच्या घडीत गोळा होऊन रेघ पडली. उजव्या डोळ्याचा सोनेरी संध्याकाळी ७ लाही सकाळसारखाच होता.

ह्याचं कारण साधं आहे. आयशॅडोत टाल्क (पावडरीत असते ती मऊ पांढरी पूड), अभ्रक, रंग आणि सगळं धरून ठेवणारा बाइंडर असतो. रंग महाग, टाल्क स्वस्त. किंमत पाडायची तर टाल्क वाढवतात, रंग कमी करतात आणि चमकीसाठी बारीक अभ्रकाऐवजी जाडी ग्लिटर घालतात. चांगल्या कंपनीचा रंग फार बारीक दळलेला असतो, कणांवर सिलिकॉनचा पातळ थर दिलेला असतो म्हणून तो सारखा बसतो आणि घामाने हलत नाही. जाडी ग्लिटर डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो, त्यामुळे तिथे मी कधीच पैसे वाचवत नाही. (अभ्रकाबद्दल एक गोष्ट मनाला लागते, झारखंडच्या कोडरमा-गिरिडीहकडच्या खाणीत लहान मुलं अभ्रक वेचतात, आणि पॅलेट महाग आहे म्हणून त्यातलं अभ्रक तिथलं नसेल असं अजिबात नाही. काही कंपन्या कारखान्यात केलेलं अभ्रक वापरतात, लेबलवर सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाईट लिहिलेलं असतं, मी आता ते बघून घेते.)

नवरीच्या डोळ्याची खरी परीक्षा फोटोत नसते, होमाच्या धुरात असते. मुंडावळ्यांच्या दोऱ्या कपाळावरून सारख्या घासत असतात, लाह्या टाकताना धूर सरळ तोंडावर येतो, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, नथीमुळे नाक पुसता येत नाही, भटजी म्हणतात अजून पाचच मिनिटं, आणि संध्याकाळी पाठवणीला तर रडणं आलंच. तिथे आयशॅडो, प्रायमर आणि वॉटरप्रूफ लायनर ह्या तीन गोष्टी टिकाऊच लागतात. माझा हिशोब असा, साडेपाच हजाराची पॅलेट मला दोन सीझन जाते, ८० नवऱ्या, म्हणजे एका नवरीमागे ७० रुपयेसुद्धा नाही. पण तीच पॅलेट घरच्या बाईने घेतली, वर्षातून सहा वेळा हळदीकुंकू-लग्नाला लावली, तर दोन वर्षांत १२ वेळा, एका वेळेला ४५८ रुपये पडले, आणि १८ पैकी चौदा शेडना तिने हातही लावलेला नसतो. तिने दोन शेड सुट्या घ्याव्यात, एक मॅट, एक सोनेरी, नाहीतर हजाराच्या आतबाहेर आता आपल्याकडच्या पॅलेटही छान मिळतात, त्यातली घ्यावी.

ब्रशचं लांबवत नाही, सिंथेटिक केसांचे ३०० रुपयांपर्यंतचे ब्रश चांगले चालतात, फक्त दर आठवड्याला साबणाने धुवा.

डोळा नाजूक म्हणून महाग घ्या, हे वाक्य मात्र मला मुळातूनच चूक वाटतं. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, सगळ्या अंगात पातळ, हे खरंच आहे. पण तिला जे चावतं ते सुवास, काही प्रिझर्व्हेटिव्ह, रंगातलं निकेल, मस्काऱ्यातली राळ, आणि ह्या गोष्टी महागातही असतात, उलट सुवास महागात कधी कधी जास्त असतो. अॅलर्जी किंमत बघत नाही. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून बघा, मगच डोळ्याला लावा.

आणि खरा धोका स्वस्त किंवा महाग असण्यात नाही, खोट्या मालात आहे. दोन वर्षांपूर्वी मी मुंबईच्या होलसेल बाजारातून एका मोठ्या ब्रँडची पॅलेट निम्म्याहून कमी किमतीत आणली, विकणारा म्हणाला इम्पोर्टचा माल आहे म्हणून स्वस्त. पहिल्यांदा ती माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला वापरली. रात्री तिच्या पापण्या सुजल्या, सकाळी एक डोळा उघडेना, डॉक्टरांकडे नेलं, मलम-थेंब करून दहा दिवस गेले. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण माझी वहिनी दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसून होती ते मी विसरत नाही. घरी येऊन बॉक्स नीट बघितला तर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर बोटाने पुसला जात होता. आपल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांत आहे की बाहेरून आलेल्या वस्तूवर इम्पोर्टरचं नाव, पत्ता आणि रजिस्ट्रेशन नंबर लागतो, आणि इथे बनलेल्या वस्तूवर लायसन्स नंबर. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, धंद्यात इतकी वर्षं असून माहीत नव्हतं, म्हणून घरच्या बायकांना माहीत नसणारच.

आमच्या धंद्यातल्या माझ्या मैत्रिणींना राग येईल तरी एक लिहिते. हल्ली रेटकार्डवर साधं पॅकेज, एचडी पॅकेज आणि इंटरनॅशनल ब्रँड पॅकेज असतं, शेवटच्याला पाच-सात हजार जास्त, आणि त्यातला मस्कारा, काजळ, खोट्या पापण्या चिकटवायचा गोंद तर बऱ्याच ठिकाणी तिन्ही पॅकेजला तोच असतो. आईबापांनी मोकळेपणाने विचारावं, ताई नेमकं काय काय बदलणार, डब्या दाखवा, कधी उघडल्यात त्याची तारीख आहे का, प्रत्येक नवरीला मस्काऱ्याचा वेगळा डिस्पोजेबल ब्रश वापरता का. हे विचारलं म्हणून चांगली मेकअपवाली कधी चिडणार नाही. मी आता प्रत्येक नळीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहून ठेवते.

त्या मावशींच्या लेकीला मी साडेचारशेचाच मस्कारा लावला, अडीचशेची काजळपेन्सिल, आणि पापणीवर साडेपाच हजारातला सोनेरी. पाठवणीला ती खूप रडली. गाडीत बसताना मी काचेतून बघितलं, रंग जागेवर होता.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत ब्रँडच्या याद्यांसोबत लेबल कसं वाचायचं तेही छापा, इम्पोर्टरचं नाव कुठे असतं, लायसन्स नंबर कुठे असतो, आणि ते उघड्या डबीचं चित्र जरा मोठं करून छापा. तुमच्या पेपरचं कात्रण लोक पर्समध्ये घडी करून माझ्याकडे घेऊन येतात, हेही आणतील.

आपली नियमित वाचक,
एक पार्लरचालक, कराड