गाठ काढण्याआधी सुईची तपासणी हवी

संपादक महोदय,

ऑक्टोबर आला की स्तनकर्करोग जागृतीची शिबिरे आणि सवलतीच्या मॅमोग्राफीच्या बातम्या येतात. त्या यायलाच हव्यात. पण गाठ हाताला लागल्यानंतरच्या दिवसांत काय करायचे, यावर फारसे छापून येत नाही, आणि खरे नुकसान तिथेच होते. ‘लहानशी गाठ आहे, काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो थांबला पाहिजे.

अशी काढलेली गाठ कर्करोगाची निघाली, तर बहुतेक वेळा कडेला रोग राहिलेला असतो आणि बाईला पुन्हा टेबलावर जावे लागते. हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या) किंवा ट्रिपल निगेटिव्ह (हर-टू वाढलेले नाही आणि हार्मोनचे दोन्ही ग्राहकही नाहीत अशा) प्रकारात तर अनेकदा आधी केमोथेरपी देऊन गाठ किती विरघळते ते पाहतात आणि पुढचे उपचार त्यावर ठरतात. गाठच उरली नाही, तर पाहणार काय?

योग्य क्रम असा : डॉक्टरांनी हाताने तपासणे, मग प्रतिमा, मग सुई. चाळिशीच्या आत सोनोग्राफी आधी. चाळिशीनंतर दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. मॅमोग्राफी बायोप्सीच्या (सुईने तुकडा काढून तपासण्याच्या) आधीच व्हावी, कारण सुईनंतर साकळलेले रक्त चित्र बिघडवते. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये. त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. अहवालात बायरॅड्स (प्रतिमेवरून कर्करोगाचा संशय किती, हे सांगणारी श्रेणी) ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी लागते. ३ असेल तर कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणून सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. मात्र गाठ हाताला लागते आहे आणि मॅमोग्राफी स्वच्छ आहे, म्हणून विषय संपत नाही. दाट स्तनात फिल्मवर ऊतीही पांढऱ्या आणि गाठही पांढरी.

बारीक सुईच्या एफएनएसीत फक्त पेशी मिळतात. रोग दूधनलिकेतच आहे की बाहेर पसरला आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जाड सुईने ऊतीचे तुकडे काढणारी कोअर बायोप्सी हवी. लिग्नोकेनने जागा बधिर करून दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात आणि सोनोग्राफीत पाहत १४ गेजची सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवून गाठीपर्यंत नेतात. सुई झटक्यात पुढे सोडणाऱ्या यंत्राचा (बायोप्सी गनचा) खट्ट आवाज होतो, तो रुग्णाला आधीच ऐकवावा. निदान चार-पाच तुकडे घ्यावेत. फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) टाकल्यावर पांढरे, घट्ट तुकडे सहसा तळाला जातात, निव्वळ चरबीचे तरंगतात. सगळेच तरंगले तर नेम चुकला असे समजून लगेच पुन्हा घ्यावेत. सुईने कर्करोग पसरतो या भीतीपोटी तपासणी लांबवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे, स्वतःहून बंद करू नयेत.

आता फॉर्मलिन. तुकडे सलाइनमध्ये तासन्‌तास पडून राहिले, तर ईआर-पीआर (गाठीत हार्मोनचे ग्राहक आहेत का, हे पाहणारी) चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि हार्मोनच्या गोळ्यांचा हक्काचा उपचार हुकतो. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, तुकड्यांच्या किमान दहापट, आणि ते तत्काळ. फार तर तासाभरात. त्यात नमुना ६ तासांपेक्षा कमी किंवा ७२ तासांपेक्षा जास्त राहू नये. शनिवारी संध्याकाळी काढलेला नमुना सुट्टी आणि कुरियरमध्ये अडकून मंगळवारी रात्री उघडला, की ही मर्यादा ओलांडलीच.

प्रतिमा बायरॅड्स ५ म्हणते आणि बायोप्सी ‘साधी गाठ’ म्हणते, तेव्हा सुटकेचा श्वास टाकून घरी जाऊ नये. सुई बाजूला गेलेली असू शकते. बायोप्सी पुन्हा करावी.

तपासणीच्या फॉर्मवर ‘नमुना काढल्याची वेळ’ आणि ‘फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ’ असे दोन रकाने छापायला कुठल्याही रुग्णालयाला जादा खर्च येत नाही. ते छापावेत, आणि रकाने कोरे आले तर प्रयोगशाळेने फोन करून वेळ विचारावी.

– स्तनविकार निदानात काम करणारे रेडिओलॉजिस्ट व पॅथॉलॉजिस्ट, पुणे