‘खालच्या श्रेणीतून आलेला’ एवढंच?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीतला वेल्सच्या फुटबॉलवरचा लेख आवडला. गॅरेथ बेल आणि रॅमसी यांच्यावर भरभरून लिहिलं आहे, ते योग्यच. पण २०१६ च्या युरो स्पर्धेत संघाचा कर्णधार असलेल्या अ‍ॅशली विल्यम्सची बोळवण मात्र ‘खालच्या श्रेणीतून आलेला बचावपटू’ या चार शब्दांत झाली. त्या चार शब्दांत त्याची सात वर्षं आहेत, म्हणून हे पत्र.

विल्यम्सचा जन्म १९८४ चा, इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा. वडिलांकडून जमैकन वंशाचा. वेल्सशी नातं आईच्या वडिलांमुळे. सोळाव्या वर्षी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने त्याला ‘तू नको’ म्हणून सांगितलं. मग तो हेडन्सफर्ड टाउन या क्लबकडे गेला. इंग्लंडच्या चारही व्यावसायिक श्रेणींच्या खालचा हा क्लब. तिथल्या पैशांत भागत नाही, म्हणून पेट्रोल पंपावर आणि वेटर म्हणूनही त्याने काम केलं. २००३ च्या अखेरीस स्टॉकपोर्ट काउंटीने त्याला घेतलं. दीड वर्षात तो क्लबच घसरून चौथ्या श्रेणीत गेला!

पण खरी गंमत इथेच आहे. २००७ च्या सुरुवातीला याच स्टॉकपोर्टने लागोपाठ नऊ सामने जिंकले आणि नऊ सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. इंग्लिश लीगच्या शतकाहून जुन्या इतिहासात असं कुणाला जमलं नव्हतं. बचावात विल्यम्स होता. गोलात उभा होता वुल्व्ह्जकडून (वुल्व्हरहॅम्प्टनच्या क्लबकडून) उसना आणलेला विशीतला एक पोरगा, वेन हेनेसी. आता १ जुलै २०१६ ची लीलमधली बेल्जियमविरुद्धची उपांत्यपूर्व लढत आठवा. वेल्सच्या गोलात हेनेसी आणि त्याच्या पुढे कर्णधार विल्यम्स. चौथ्या श्रेणीतल्या मैदानावर जमलेली जोडी बेल्जियमच्या हॅझार्ड आणि डी ब्रुयना या बड्या खेळाडूंसमोर उभी होती. आपल्या लेखात यायला हवं होतं ते हे.

आधीच्या सामन्यात स्वतःच्याच सहकाऱ्याशी धडक होऊन विल्यम्सचा खांदा दुखावला होता. बदली खेळाडू तयार उभा असतानाही पठ्ठ्या मैदान सोडायला तयार झाला नाही. बेल्जियमविरुद्ध तो खेळणार का, याचीच धास्ती होती. तेराव्या मिनिटाला नाइंगोलानने लांबून गोल ठोकला. एकतिसाव्या मिनिटाला रॅमसीच्या कॉर्नरवर विल्यम्सने डोक्याने बरोबरी साधली आणि तो थेट बाकावरच्या मंडळींकडे धावत सुटला. पुढे वेल्सने सामना ३-१ जिंकला. दुसरा गोल करणाऱ्या रॉबसन-कानूला तर त्या दिवशी क्लबच नव्हता.

स्टॉकपोर्टहून विल्यम्स २००८ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी क्लबकडे गेला, चार लाख पौंडांत. या क्लबची कथाही त्याच्यासारखीच. मे २००३ मध्ये हलविरुद्धचा शेवटचा सामना जिंकला, म्हणून तो चौथ्या श्रेणीत तरी टिकला. नाहीतर गेलाच होता. २०११ मध्ये तोच स्वान्झी प्रीमियर लीगमध्ये पोहोचणारा पहिला वेल्श क्लब ठरला आणि २०१३ मध्ये त्याने लीग कप जिंकला. पुढचं सगळं आपल्या वाचकांना ठाऊक आहे: एव्हर्टन, देशासाठी ८६ सामने, २०२१ मध्ये निवृत्ती.

वेल्ससाठी खेळलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू एडी पॅरिस. तोही कॅरिबियन मुळाचा. चेपस्टोजवळ जन्मलेला, ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यूकडून दुसऱ्या श्रेणीत डाव्या बगलेवर खेळणारा. डिसेंबर १९३१ मध्ये बेलफास्टला आयर्लंडने वेल्सला ४-० हरवलं, त्या सामन्यात तो होता. पुन्हा बोलावणं आलं नाही. नंतर बोर्नमथ, ल्युटन, नॉर्थॅम्प्टन करत युद्ध सुरू झालं. त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र लेख छापावा. विल्यम्सला जे मिळालं ते पॅरिसला का मिळालं नाही, यात फुटबॉलपलीकडचंही बरंच काही सापडेल.

‘जिद्दीने यश मिळतं’ छापाचा मथळा मात्र देऊ नका. जिद्द आमच्या कोल्हापुरातही कमी नाही; तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम कसं भरतं ते येऊन पाहा. फरक शिडीचा आहे. सोळाव्या वर्षी नाकारलेला पोरगा खालच्या पायरीवर पगार घेऊन खेळत राहतो, म्हणून तेविसाव्या वर्षी कुणाच्या तरी नजरेत येतो. आपल्याकडे आयएसएल (इंडियन सुपर लीग) २०१४ मध्ये सुरू झाली आणि खालून चढून तिथे जाणारा पहिला संघ, पंजाबचा, २०२३ मध्ये आला. तोवर दार बंदच होतं.

तेव्हा विनंती एवढीच: सोमवारच्या अंकात प्रीमियर लीगच्या तक्त्याखाली दोन बोटं जागा उरते, तिथे चौथ्या श्रेणीचे निकाल आणि शेजारी आमच्या कोल्हापूरच्या लीगचेही छापत चला. आयएसएलमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या अफवा थोड्या कमी छापल्या तरी चालेल.

— एक नियमित वाचक, कोल्हापूर