रॉक कॉन्सर्टच्या बातमीत कानांनाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या अरीनातल्या कॉन्सर्टना जाणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत सूचनांचा लेख आला होता. पायात काय घालावं, रांगेत कधी उभं राहावं, फोनची बॅटरी शेवटपर्यंत कशी पुरवावी, सगळं नीट सांगितलं होतं. कानांबद्दल मात्र एक ओळही नव्हती. मी नुकतीच यजमानांबरोबर माझ्या सर्वांत लाडक्या बँडच्या कॉन्सर्टला जाऊन आले आहे, आणि ती राहिलेली ओळ किती महत्त्वाची आहे हे मला तळमळीने सांगायचं आहे.

माझा बँड म्हणजे डीप पर्पल, हा ब्रिटिश रॉक बँड. थोरल्या भावाकडे एक कॅसेट होती, १९७२ साली जपानमध्ये झालेल्या त्यांच्या कॉन्सर्टच्या ध्वनिमुद्रणाची. बँडचे जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारं पट्ट्यांचं वाद्य, गिटारसाठी असतात तसल्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवायचे, त्यामुळे तो ऑर्गन चक्क गुरगुरायचा. शाळकरी वयात तो आवाज ऐकला आणि तेव्हापासून तो माझ्यासोबतच आहे. लॉर्ड २०१२ साली गेले, त्या दिवशी मी घरात कुणाशी फारशी बोलले नव्हते. यजमानांना या संगीताचं वेड नाही. पण माझी इतक्या वर्षांची इच्छा त्यांना ठाऊक होती. तिकिटं काढायची ठरल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपली जागा स्पीकरपासून किती लांब?"

हा प्रश्न त्यांना पडला, कारण त्यांचं सगळं नोकरीचं आयुष्य फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेला धातू ठोकून घडवण्याच्या, कारखान्यात गेलं. घणाच्या यंत्राशेजारी कानाला काही न लावता उभं राहण्याचा काळ त्यांनी पाहिला आहे. पुढे सक्ती झाली, वर्षाला कान तपासणी सुरू झाली, पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. त्यांच्या तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजांपाशी, खोल खळगा दिसतो. गोंगाटाने कान गेलेल्या बहुतेकांचा आलेख असाच असतो. अशा माणसाला बहिरा म्हणावं असं वरवर काही दिसत नाही. दाराची कडी वाजलेली ऐकू येते, गाडीचा हॉर्न ऐकू येतो. पण स, श, फ, थ ही व्यंजनं विरून जातात. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज पुसट होतात, आणि चार माणसं एकदम बोलू लागली की तो माणूस हळूहळू गप्प होतो. गेली कित्येक वर्षं मी हे जेवणाच्या टेबलावर रोज पाहते आहे.

निघण्याआधी त्यांनी मला हिशेब समजावला. ८५ डेसिबलचा आवाज कानांनी आठ तास ऐकला तरी चालतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि असं करत १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. कामगारांसाठी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने दिलेली ही मर्यादा आहे. मोठ्या रॉक कॉन्सर्टमधला आवाज शंभरीच्या आसपास सहज असतो आणि कार्यक्रम दोन तासांचा असतो. कारखान्यात ज्या आवाजात बिनसंरक्षण उभं राहू देत नाहीत, त्याहून मोठ्या आवाजात आपण हौसेने आणि पैसे मोजून उभे राहतो.

माझ्याच बँडचा या बाबतीत इतिहास आहे. १९७२ साली लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्यांचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला, तिघे प्रेक्षक बेशुद्ध पडले, आणि गिनीज बुकाने त्यांना जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंदवलं. तेव्हा हा मान समजला जाई. पुढे गिनीजने हा विक्रम नोंदवणंच थांबवलं, लोकांच्या कानांना अपाय करणाऱ्या स्पर्धेला उत्तेजन नको म्हणून. हा निर्णय मला मनापासून पटतो.

आता प्रत्यक्ष त्या संध्याकाळबद्दल. दोघांनीही संगीतासाठी बनवलेले इअरप्लग घातले होते. यांनी श्रवणयंत्रं काढून डबीत ठेवली होती. हे प्लग साध्या फोमच्या बोळ्यांपेक्षा वेगळे असतात. फोम वरच्या पट्टीतले स्वर जास्त कापतो, त्यामुळे गाणं उशीखालून आल्यासारखं वाटतं. संगीताच्या प्लगमध्ये बारीक गाळणी असते आणि ती सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच खाली आणते. कापसाचे बोळे घालणाऱ्यांना मात्र सांगायला हवं की त्यांचा उपयोग जवळपास शून्य आहे.

दिवे मावळले, इयान पेस यांचा ड्रमवरचा पहिला आघात आला आणि मला रडू आलं. तो आघात बरगड्यांमध्ये जाणवतो, प्लग घातल्याने त्यात काही कमी होत नाही, कारण खर्जाचा धक्का अंगालाही बसतो. उलट झांजा वेगळ्या ऐकू येत होत्या, रॉजर ग्लोव्हर यांची बेस गिटार ऑर्गनखाली दबत नव्हती. गायक इयान गिलन यांचा जन्म १९४५चा. या वयात ते शब्द कसे टाकतात, कुठे श्वास घेतात, हे मला कळत होतं. फार मोठ्या आवाजात उघडा कान भांबावतो आणि सगळं एकमेकांत मिसळतं. आवाज थोडा खाली आणला की तोच कान पुन्हा निवड करू लागतो.

कार्यक्रम सुरू होण्याआधी मी यांना गिटारवादकाची गोष्ट सांगितली होती. जवळजवळ तीन दशकं या बँडमध्ये वाजवलेले स्टीव्ह मोर्स २०२२ साली बाहेर पडले, कारण त्यांच्या पत्नीला कर्करोग झाला होता आणि त्यांना तिच्याजवळ राहायचं होतं. त्यांच्या जागी सायमन मॅकब्राइड आले. ज्यांना या बँडमधलं एकही नाव ठाऊक नव्हतं, ते माझे यजमान मग गिटारच्या प्रत्येक सोलोला मंचाकडे पुढे झुकून पाहत होते. प्लग असूनही मला त्यांचं कानाशी बोललेलं समजत होतं. माझं बोलणं त्यांना पोचत नव्हतं, म्हणून आवडती जागा आली की मी त्यांचं मनगट दाबायचे. जोडीने जाण्यातलं सुख मी याआधी कल्पनेत अनेकदा रंगवलं होतं, ते असं असेल हे मात्र सुचलं नव्हतं.

मधल्या वेळात मात्र मन खट्टू झालं. खालच्या मजल्यावर, जमिनीवर मांडलेल्या सबवूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या, जवळ, एक गृहस्थ सहा-सात वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन उभे होते. मुलगी तळहातांनी कान दाबून बसली होती. बाप हौशी होता, आपलं प्रेम मुलीला द्यायला आला होता, त्याला दोष देववत नाही. हे उठून खाली गेले. आमच्याकडे फोमची जास्तीची जोडी होती, पण मोठ्यांचे बोळे एवढ्या लहान कानात नीट बसत नाहीत. मुलांना बाहेरून झाकणारे इअरमफच हवेत. आवारात टीशर्ट आणि पोस्टरं विकायला टेबलं होती, इअरमफ कुठेच नव्हते, साधे प्लगही नव्हते. दारावरच्या कर्मचाऱ्यांना विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही. शेवटी यांनी त्या बापाला समजावलं आणि तो मुलीला घेऊन मागच्या उंच रांगांकडे गेला. तेवढा फरकही मोलाचा होता, पण पुरेसा नव्हता. हल्ली स्पीकर ओळीने उंच टांगतात ते मागच्या रांगांनाही पुढच्यासारखाच आवाज मिळावा म्हणूनच. 'मागे बसलो की झालं' हा समज त्यामुळे खरा राहिलेला नाही.

आवाज हाच रॉकचा प्राण, तो कमी केला तर उरलं काय, असं पुष्कळ जण म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. आवाज वाढला की आपल्या कानाला खर्ज जास्त भरून ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं होतं. मोठ्या आवाजाची ओढ ही नुसती उद्दाम तरुणाई नव्हे, कानाच्या घडणीतच ती आहे. पण त्याच कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात, आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. कार्यक्रमानंतर कानात दडे बसणं किंवा गुंई वाजत राहणं हा त्या पेशींवर ताण आल्याचा पुरावा आहे. रात्रीच्या मजेची ती खूण समजून मिरवण्यासारखी गोष्ट नाही. एसी/डीसीचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ साली डॉक्टरांनी सांगितलं की दौरा थांबवा, नाहीतर पूर्ण बहिरे व्हाल. त्यांना दौरा अर्धवट सोडावा लागला. मंचावरचे पुष्कळ कलाकार आता कानाच्या मापाने बेतून घेतलेले मॉनिटर, म्हणजे कान झाकून स्वतःचं वाजवणं ऐकवणारे छोटे स्पीकर, घालतात. मग समोरच्या हजारो माणसांचे कान तेवढे उघडे का?

प्लगचा उपयोग होतो याचा चांगला पुरावा आहे. २०१५ साली अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका संगीत महोत्सवात डच डॉक्टरांनी ५१ जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना प्लग दिले, निम्म्यांना दिले नाहीत. साडेचार तासांनंतर कान तपासले, तर प्लग न घातलेल्यांच्या ४२ टक्के कानांची ऐकण्याची क्षमता तात्पुरती घटलेली होती. प्लगवाल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं.

यासाठी नवे नियम शोधून काढायचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केलं आहे. १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, आवाज सतत मोजला आणि नोंदवला जावा, प्रेक्षकांना कानाचं संरक्षण मिळावं, आणि विसाव्यासाठी शांत जागा असावी. स्वित्झर्लंडमध्ये तर ९३ डेसिबलच्या वर जाणाऱ्या कार्यक्रमात आयोजकाने प्रेक्षकांना प्लग फुकट द्यायचे असा कायदाच आहे. याच देशातल्या माँट्रोमध्ये डिसेंबर १९७१मध्ये कुणा प्रेक्षकाने छताकडे फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा सोडणारं पिस्तूल) उडवली आणि अख्खा कॅसिनो जळाला. तिथे ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या डीप पर्पलने तळ्यावर पसरलेला तो धूर पाहिला आणि त्यावर गाणं केलं. तेच गाणं त्या रात्री हजारो लोकांनी एका सुरात म्हटलं, आणि माझ्या शेजारी यजमान ओठ हलवत होते.

आगीपासून बाहेर पडायच्या वाटा आज प्रत्येक सभागृहात दाखवलेल्या असतात. त्यांच्याशिवाय परवानगी मिळत नाही. कानांसाठी तेवढीच काटेकोर व्यवस्था आयोजकांकडून मागायला हवी आणि ती मागण्याचं बळ वृत्तपत्राकडे आहे. आपल्याला माझी विनंती अशी: कॉन्सर्टची बातमी देताना आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्या आणि उत्तरं छापावी. आवाजाची मर्यादा किती ठेवली आहे? दारात प्लग आणि मुलांसाठी इअरमफ मिळतील का? शांत जागा कुठे आहे? उत्तर मिळालं नाही, तर 'उत्तर मिळालं नाही' एवढंही छापावं. तिकीट काढण्याआधी ते वाचायला आम्हा दोघांना आवडेल, कारण पुढच्या दौऱ्याच्या तारखांवर यांचं माझ्यापेक्षा जास्त लक्ष आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक