होडी येताना बघ : मालवणच्या तांडेलकाकांना पत्र

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय म्हणून रागावू नका. तुमच्या मोबाइलवर पाठवलं असतं तर तुम्ही चष्मा सापडत नाही म्हणून ते महिनाभर तसंच ठेवलं असतं. आता नातू वाचून दाखवेल. शिवाय माझ्यासारखीच एखादी आई आत्ता कुठेतरी फोनवर बोटींचे दर ताडून बघत बसली असेल, तिच्याही कानावर चार गोष्टी पडल्या तर बरंच.

डिसेंबरात आम्ही तुमच्या न्याहारी निवासात उतरलो तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. लेक बारा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे राहून पोहण्याच्या तलावात स्कुबाचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायचे, धडे पुरे केलेली. मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकानं फुंकून बाहेर काढायचं, तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा घ्यायचं तोंड, सुटला तर हात मागून फिरवून शोधायचा, हे सगळं तिला येत होतं. राहिल्या होत्या समुद्रातल्या चार डाइव्ह. त्या झाल्या की प्रमाणपत्र. त्यासाठी मी कोल्हापुरात बसून बोट ठरवली होती. ड्रोननं काढलेला व्हिडिओ झकास, दर सगळ्यांत कमी, आणि फोनवरचा माणूस ‘टेन्शन घेऊ नका मॅडम’ असं दर दोन वाक्यांनी म्हणणारा. मी टेन्शन घेतलं नाही, पैसे मात्र सगळे आगाऊ भरले.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही पडवीत जाळं शिवत बसला होता. मी कौतुकानं सगळं सांगितलं. तुम्ही मान वर न करता एकच विचारलंत, ‘‘चेडवाक वर कोण घेतलो?’’

पोरीला वर कोण घेणार? मला वाटलं, मला मालवणी नीट कळली नाही. म्हटलं, काका, खाली न्यायला प्रशिक्षक आहेत की. त्यावर तुम्ही दातानं दोरा तोडलात आणि म्हणालात, ‘‘खाली काय, धोंडो पण जाता.’’ खाली काय, दगडही जातो.

काका, त्या रात्री मला तुमचा थोडा रागच आला होता. आज मागे वळून बघताना वाटतं, बोट निवडण्याबद्दल जे काही कळायचं ते त्या दोन वाक्यांत होतं, आणि पुढचे पाच दिवस मी फक्त त्यांचा अर्थ लावत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही भाच्याच्या होडीतून आम्हा दोघींना किल्ल्याच्या बाजूला नेलंत. मला वाटलं, सिंधुदुर्ग दाखवायला. तुम्ही होडी लांबच थांबवलीत आणि सांगितलंत, होडी जाताना बघू नको, येताना बघ. माणसं पाण्यात उतरतात ती सगळीकडं सारखीच. हसत, फोटो काढत. खरी बोट कळते ती माणसं परत घेताना.

तासभर बघत बसलो. एका बोटीवर गाणी लागली होती, वीसेक माणसं दाटीवाटीनं बसलेली. शिडी होती, पण तिच्या दोनच पायऱ्या पाण्यात. त्यामुळे वर येणाऱ्या माणसाचा पाय काही टेकत नव्हता आणि वरचे दोघे त्याला दंडाला धरून सुरमईसारखं आत ओढत होते. पाठीवर टाकी तशीच. मागे इंजिन चालूच, आणि त्याच्यापासून दोन हातांवर एक बाई पाण्यात तरंगत, आपली पाळी कधी येते बघत होती. तुम्ही काही बोलला नाहीत. नुसतं इंजिनाकडं बोट केलंत. बोटीचं नाव वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी पैसे भरलेली बोट तीच होती. (नाव इथं लिहीत नाही. पैसे परत मिळाले नाहीत, तेही जाऊ दे.)

लांब दुसरी एक बोट होती. रंग उडालेला, सावलीला निळी ताडपत्री. माणसं सात-आठ. तिची शिडी चांगली चार पायऱ्या पाण्यात बुडालेली. इंजिनं दोन, दोन्ही बंद. एक खलाशी नुसता उभा, पाण्याकडं बघत. वर येणारा आधी कमरेला बांधलेलं वजन सोडून वर देत होता, मग पाण्यातच जॅकेट नि टाकी काढून देत होता, मग फिन्स, म्हणजे पायातली वल्ही, आणि मग मोकळ्या अंगानं शिडी चढत होता. तुम्ही विचारलंत, लेकीचं वजन किती? छत्तीस किलो. आणि टाकी? ते मला ठाऊक नव्हतं, लेकीला होतं. मोठ्यांची नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी भरलेली असली की 16-17 किलो भरते. म्हणजे निम्मं वजन पाठीवर घेऊन हलत्या शिडीवर चढायचं. हे मला त्या झकास व्हिडिओत कुठं दिसणार होतं?

संध्याकाळी तुम्ही त्या ताडपत्रीवाल्यांशी गाठ घालून दिलीत. तिथं शिकवणारी मुलगी रत्नागिरीची. तिनं माझ्याशी दोन शब्द बोलून थेट लेकीला प्रश्न विचारले. दमा आहे का, कानाचं काही दुखणं झालंय का, पोहताना कधी घाबरलीस का, आणि हे तुला स्वतःला करायचंय की आईला? शेवटच्या प्रश्नाला मी इकडंतिकडं बघितलं. मग तिनं आजारांची छापील यादी भरून घेतली. आधीच्या बोटीनं मला एकच माहिती विचारली होती, पैसे कशानं पाठवताय. हिच्याकडं लहान मापाचं जॅकेट होतं, लहान टाकी होती, आणि बोटीवर ऑक्सिजनचा संच कुठं ठेवलाय ते तिनं मी न विचारता उघडून दाखवलं. नियमही नीट सांगितले. पाडी या स्कुबाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नियमानं 10-11 वर्षांच्या मुलांना 12 मीटरपर्यंतच जाता येतं, 12 ते 14 च्या मुलांना 18 मीटरपर्यंत, तेही सोबत मोठा प्रशिक्षित डायव्हर असेल तरच. पण पहिल्या दिवशी आपण आठ-नऊ मीटरच्या खाली जाणार नाही, असंही तिनंच सांगितलं. मोठ्या आकड्यांचं आमिष न दाखवणारं माणूस त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा भेटलं.

आणि मग सर्दी! रविवारी पहाटे सगळं तयार, लेक पोहायचा पोशाख घालून अंगणात, आणि तुम्ही म्हणालात, ‘‘हिचा नाक वाजता.’’ मी म्हटलं, थोडंसंच आहे, गोळी देते. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तुमच्या उजव्या कानाची गोष्ट सांगितलीत. खडपात अडकलेला नांगर सोडवायला ऐन सर्दीत बुडी मारली, आत काहीतरी फुटल्यासारखं झालं, आणि त्या कानानं तेव्हापासून तुम्हाला निम्मंच ऐकू येतं. रत्नागिरीच्या मुलीनं फोनवर तेच शास्त्रात सांगितलं. पाण्यात दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. नाकातून कानाकडं जाणारी वाट सर्दीनं बंद असेल तर पडद्याच्या आतला दाब बाहेरच्याशी जुळत नाही. गोळीनं वाट तात्पुरती उघडते, पण तिचा असर पाण्यातच ओसरला तर वर येताना आतली हवा कोंडते. म्हणजे इथंही अडचण वर येण्याचीच.

लेक रडली. मी मनातल्या मनात सुट्टीचे दिवस आणि खोलीचं भाडं मोजलं. तुम्ही म्हणालात, ‘‘घाई कित्याक? दर्या खंय पळान जाता?’’ आणि खोलीचे त्या दोन दिवसांचे पैसे घेतले नाहीत. ते मला बिल करताना कळलं. शाळेला मी ‘किंचित ताप’ असा अर्ज धाडला. सर, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा.

त्या रिकाम्या दोन दिवसांत तुम्ही आम्हाला वारा शिकवलात. खारे वारे आणि मतलई वारे आम्ही सगळ्यांनी भूगोलात मार्कांपुरते पाठ केले आणि विसरलो. तुमच्या अंगणात ते खरोखर वाहत होते. सकाळी जमिनीकडून मतलई, पाणी तव्यासारखं सपाट. उन्हं चढली की वारा फिरतो, समुद्राकडून खारा येतो आणि दुपारपर्यंत लाटांना फेस धरतो. म्हणून पहिल्यांदा उतरणाऱ्या पोराला सकाळचीच बोट बघायची, आणि दुपारी स्वस्तात नेतो म्हणणाऱ्याला हात जोडायचे. 24 मे 2022 बद्दलही तुम्ही तेव्हाच बोललात. तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन माणसं गेली, तीही स्कुबा करून परत येताना. त्या दिवसाबद्दल तुम्ही जास्त बोलला नाहीत. एवढंच म्हणालात की परतीच्या वाटेवर माणसं लाइफ जॅकेट काढून ठेवतात, कारण त्यांच्या मते सगळं झालेलं असतं.

मंगळवारी नाक मोकळं झालं. तुम्ही काही काम नसताना आमच्या बोटीत येऊन बसलात. मला बोट लागणार हे तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून ओळखलंत, मध्यभागी बसवलंत, किनाऱ्यावरच्या माडांकडं नजर ठेवायला सांगितलंत. तरी लागलीच. सकाळी मी हौसेनं खाल्लेली भजी समुद्राला अर्पण झाली, त्याबद्दल काकूंना काही सांगू नका.

लेक पाठमोरी कलंडून पाण्यात पडली, वर आली, माझ्याकडं बघितलं. मी जोरात अंगठा दाखवला. तिनं रागानं मान हलवली. डायव्हरांच्या खुणांत अंगठा वर म्हणजे ‘वर जायचंय’. छान चाललंय सांगायचं तर अंगठा नि तर्जनीचं कडं करायचं. पोर निघाली खाली आणि आई सांगतेय वर ये! तुम्ही हसून हसून खोकलात.

मग नुसते बुडबुडे. चाळीस मिनिटं मी त्या बुडबुड्यांवरून नजर काढली नाही. तुम्हीही काढली नाहीत, मला दिसत होतं. दोन बुडबुड्यांच्या रांगा, एक दाट, एक बारीक. बारीक ती माझी. मध्येच त्या एकमेकींत मिसळल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, बाईनं पोरीचा हात धरलाय.

वर येताना त्या सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबल्या, हे मला नंतर कळलं. वर तर ती तीन मिनिटं मला बरीच लांब वाटली. डोकं बाहेर आलं. वजन वर. जॅकेट वर. फिन्स वर. शिडीवर लेक, तिच्या मागे, जरा बाजूला, रत्नागिरीची मुलगी. इंजिन बंद. मग खलाशानं एकेकाचं नाव घेतलं आणि ज्यानं त्यानं स्वतःच्या तोंडानं ‘आहे’ म्हटलं. दुसऱ्याच्या वतीनं कोणी उत्तर द्यायचं नाही. घरी आल्यावर मी वाचलं, 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन नवरा-बायको पाण्यातच राहून गेले आणि बोट किनाऱ्याला परतली. ते दोघं हरवल्याचं लक्षात यायला दोन दिवस लागले. मोजणी चुकली होती. ते वाचताना मला त्या खलाशाचा आवाज ऐकू येत होता.

लेकीनं शिडीवरून आत पाय टाकला तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘‘कान?’’ ती म्हणाली, ‘‘दोन्ही आहेत, काका. आणि गोबरा मासा बघितला, एवढा!’’ तिनं हात जेवढे पसरले तेवढा गोबरा मालवणात असेल असं मला वाटत नाही, पण तुम्ही मान डोलावलीत.

बुधवारी उरलेल्या डाइव्ह झाल्या. त्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि मला तेच हवं होतं. आता बाईसाहेबांना आंग्रिया बँक, म्हणजे भर समुद्रातलं पाण्याखालचं प्रवाळांचं पठार, बघायची आहे. कान्होजींच्या नावाची, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. तिचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि हिची मर्यादा 18. पुढचे धडे पुरे होईपर्यंत थांब म्हटलं तर म्हणते, काकांना विचारते. तुम्ही काय सांगाल ते मला ठाऊक आहे.

निघताना मी पाकीट पुढं केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘‘होडी माझी नाय, चेडू माझा नाय, दर्या तर कोणाचोच नाय. पैशे कसले?’’ यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय. येत्या आठवड्यात येणाऱ्या माणसाबरोबर गुळाची एक ढेप, काकूंसाठी कांदा-लसूण चटणी आणि तुमच्यासाठी कापशीच्या चपला पाठवतेय. तुमच्या पायाचं माप विचारलं असतं तर तुम्ही दिलं नसतंत, म्हणून लेकीनं तुम्ही अंगणात हात-पाय धुऊन पडवीत गेलात तेव्हा ओल्या पावलावर वीत ठेवून घेतलं होतं. चपला घट्ट झाल्या तर दोष तिच्या वितीचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतोय. मेमध्ये नको, वाऱ्याचा भरवसा नसतो, असं तुम्हीच म्हणालात. कोपऱ्यातली खोली ठेवा, आणि या वेळी दोन्ही दिवसांचे पैसे घ्या.

काकूंना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुमची,
चेडवाची आई
कोल्हापूर